वर्षावनांसाठी निधी: पैसा परदेशी पाठवावा की कोयना-चांदोलीत खर्चावा?

विश्रामबागकर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. सांगलीतील आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे एक छोटे मंडळ आहे. दरवर्षी आम्ही नाट्यसंगीताचा एक कार्यक्रम करतो आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम एखाद्या चांगल्या कामाला देतो. आजवर ती कधी वसतिगृहाला, कधी ग्रंथालयाला गेली. २०१९ च्या महापुरानंतर पूरग्रस्तांना गेली. यंदा तरुण सभासदांनी वर्षावने आणि वन्यजीव यांच्या संवर्धनासाठी निधी द्यावा असा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. एकमत मात्र एवढ्यापुरतेच आहे.

पहिल्या गटाचे म्हणणे असे की ठरावीक रकमेला एक एकर जंगल राखून ठेवणाऱ्या परदेशी संस्था आहेत, त्यांपैकी एखाद्या संस्थेकडे पैसे पाठवावेत. त्यांनी उदाहरण दिले ते कोस्टा रिकाचे. १९८७ साली स्वीडनमधील फागरविक येथील एका लहान शाळेतील मुलांनी आपल्या शिक्षिकेच्या मदतीने मॉन्टेव्हर्दे येथील जंगल विकत घेण्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली. पुढे चाळीसहून अधिक देशांतील मुले त्यात सामील झाली आणि आज तेथे सुमारे २३ हजार हेक्टरांचे ‘मुलांचे चिरंतन वर्षावन’ उभे आहे. दुसऱ्या गटाला वाटते की आपल्याच जिल्ह्याच्या टोकाला चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान असताना पैसा समुद्रापार कशाला पाठवायचा. तिसरा गट पावसाळ्यात रोपे लावून मोकळा होऊ इच्छितो. कार्यक्रम फेब्रुवारीच्या अखेरीस घेण्याचा विचार असून सव्वा ते दीड लाख रुपये उरतील अशी अपेक्षा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कोयनाकाठ

स्तुत्य उपक्रम आहे. तिसऱ्या गटाचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण त्यात पैसा वाया जाण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर रोपांची वाण नाही. पिसा, अंजनी, जांभूळ, हिरडा यांचे बी तेथे दरवर्षी पडते आणि रुजते. अडचण रुजण्याची नसून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकण्याची आहे. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असला तरी तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच पडतो, आणि त्यानंतर दीर्घ कोरडा काळ असतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात बाराही महिने ओल असल्याने अस्पर्शित जंगल सहसा आपणहून पेटत नाही. आपल्याकडे मात्र जंगलाला लागून गवताळ उतार असतात, ते माघ-फाल्गुनात वाळून कोळ होतात आणि बहुतेक वेळा माणसाच्याच हातून पेटतात. पेटवल्याने पुढच्या वर्षी चारा चांगला फुटतो ही समजूत अजून गेलेली नाही. सदाहरित झाडांची साल पातळ असते आणि त्यांची रोपे आगीला अजिबात तोंड देऊ शकत नाहीत, त्यामुळे दर वणव्यात जंगलाची कड थोडी आत सरकते आणि गवत तेवढे पुढे येते.

दुसरे असे की हौशी वृक्षारोपणासाठी पसंत केली जाणारी जागा पुष्कळदा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, असते, कारण ती ‘मोकळी’ दिसते. कासचे पठार, चांदोलीतील झोळंबीचा सडा ही मोकळी जमीन नव्हे. जांभ्या खडकावरच्या वीतभर मातीत जे तेरडे, सोनकी, दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, त्यांची ती स्वतंत्र सृष्टी आहे, आणि तेथे खड्डे घेऊन झाडे लावणे म्हणजे तिचा नाश करणे होय. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत घेतली गेली, त्यांपैकी महाराष्ट्रातील चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. चारांपैकी तीन आपल्या सातारा-सांगलीत आहेत, हे मंडळाच्या बैठकीत अवश्य सांगावे.

माझी सूचना अशी की उभे जंगल राखण्यासाठी पैसे द्यावेत, आणि त्यातही जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढणे व उन्हाळ्यात वणव्यावर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक माणसांची मजुरी यांसाठी द्यावेत. वन विभागाच्या हिशेबी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी जाळरेषेवरील गवत कापून जाळून झालेले असावे लागते. आपला कार्यक्रम फेब्रुवारीच्या अखेरीस झाला, तर पैसा हाती येईपर्यंत डोंगर पेटलेला असेल. तो कोजागिरीच्या सुमारास घेता येईल का ते पाहावे.

जमाखर्च

व्यवसायाने लेखापाल असल्याने मी फक्त कायद्याच्या बाजूने लिहितो.

मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले नसेल, तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१क खाली गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी होय, त्यामुळे गावातील कोणत्याही गणेश मंडळाचा खजिनदार तुम्हाला कागदपत्रे सांगू शकेल.

परदेशी पैसे पाठवण्याबाबत. रिझर्व्ह बँकेच्या ज्या योजनेखाली देणगी परदेशी पाठवता येते, ती निवासी व्यक्तींसाठी आहे. मंडळांना आणि न्यासांना ती लागू नाही. म्हणजे तिकीटविक्रीतून जमलेली रक्कम मंडळाच्या नावे परदेशी संस्थेला थेट धाडता येणार नाही. कोणी सभासद आपल्या वैयक्तिक खात्यातून स्वतःचे पैसे पाठवू शकेल, पण त्यावर ८०-जी म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकराची वजावट मिळणार नाही. भारतातील नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर ती मिळू शकते. मात्र दोन हजार रुपयांहून अधिक रोख रक्कम चालत नाही, आणि नव्या करप्रणालीचा पर्याय घेतलेल्या देणगीदाराला या वजावटीचा उपयोग नाही.

‘एका एकराला इतके’ या जाहिरातीविषयी माझे मत विचाराल, तर तो दर बहुधा सरासरीने काढलेला असतो. तुमच्या नावाचा एकर तेथे खुंट मारून वेगळा ठेवलेला नसतो, आणि चांगल्या संस्था हे स्वतःच स्पष्टपणे लिहितात. जी लिहीत नाही तिच्यापासून दूर राहावे.

रानवाटसरू

जमाखर्च यांचे म्हणणे कायद्याने बरोबर असेल, परंतु या धाग्याचा रोख पहिल्यापासून ‘आपले ते आपले’ असा होऊ नये असे वाटते. ॲमेझॉन किंवा बोर्निओ येथील जंगलात साठलेला कार्बन हवेत गेला, तर त्याचा परिणाम आपल्या पावसावरही होणार आहे, मग तो पासपोर्ट कोणत्या देशाचा हे विचारून थांबत नाही.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वर्गणीतून काय साधते आणि काय साधत नाही, याचा सर्वांत मोठा धडा ॲमेझॉनच्याच खोऱ्यात मिळाला आहे. इक्वेडोरच्या यासुनी राष्ट्रीय उद्यानाखाली खनिज तेल आहे. २००७ साली तेथील सरकारने जगापुढे प्रस्ताव ठेवला की आम्ही हे तेल जमिनीतच राहू देतो, त्याच्या मूल्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ३६० कोटी डॉलर, जगाने आम्हाला द्यावेत. २०१३ पर्यंत प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम होती सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. सरकारने योजना गुंडाळली आणि २०१६ मध्ये तेलउपसा सुरू झाला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये सार्वमत झाले आणि सुमारे ५९ टक्के मतदारांनी तेथील उपसा थांबवावा असा कौल दिला. पैशाने जे झाले नाही ते मतपेटीने निदान ठरवले तरी, आणि त्या मतपेटीमागे दहा वर्षे सह्या गोळा करणारे, न्यायालयात खेटे घालणारे लोक होते. तेव्हा दूरच्या जंगलाला मदत करायचीच असेल, तर ती जमिनीच्या तुकड्यापेक्षा तेथील आदिवासी समाजांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांना व्हावी.

विश्रामबागकर

कार्यक्रमाच्या तारखेचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. आजच नाट्यगृहाकडे ऑक्टोबरमधील तारखांची चौकशी केली. परदेशी पैसे पाठवण्याचा पर्याय मंडळापुरता मिटला असे दिसते. पण कोस्टा रिकाप्रमाणे येथे संस्थेने जंगल विकत घेऊन राखणे शक्य आहे का? एक सभासद जावळीत जमीन पाहून आले आहेत.

जमाखर्च

सहसा नाही. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि मालकीचे रान बहुतेक वेळा सातबाऱ्यावर शेतजमीन म्हणूनच असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा मार्ग आहे, पण दीड लाखासाठी त्यात पडू नये.

धनेशप्रेमी

जमीन न घेताही ती राखता येते. दोन उदाहरणे देतो.

पहिले अरुणाचल प्रदेशातील पक्के व्याघ्र प्रकल्पाजवळचे. धनेशाची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिले मोठी होईपर्यंत नर तिला फटीतून फळे भरवत राहतो. त्या काळात नर मारला गेला, तर आतले सगळे कुटुंब संपण्याचा धोका असतो. न्यिशी समाजात पूर्वी धनेशाची चोच शिरोभूषणावर लावत, त्यामुळे शिकार होत असे. म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनने राज्याचा वन विभाग आणि तेथील गावबुऱ्यांची (गावप्रमुखांची) घोरा आभे ही संस्था यांच्यासह २०११-१२ च्या सुमारास घरटी दत्तक देण्याचा कार्यक्रम सुरू केला. शहरातील माणूस एका घरट्यासाठी पैसे देतो, त्यातून गावातील माणसाला घरटे राखण्याचे मानधन मिळते आणि देणगीदाराला त्या हंगामाचा वृत्तान्त कळतो. राखणदारांत पूर्वी शिकार करणारेही आहेत, हे मला या योजनेचे सर्वांत मोठे यश वाटते. शिरोभूषणावर आता कृत्रिम चोची लागतात.

दुसरे उदाहरण आपल्या घाटाखालचे. संगमेश्वर भागात बरेचसे रान खासगी मालकीचे आहे आणि ते सरपणासाठी ठरावीक वर्षांनी तोडण्याची रीत आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने तेथील मालकांशी रान न तोडण्याचे करार केले, त्या बदल्यात गावाला मोबदला मिळतो. ज्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटी करतात, त्यांची फळे फेअरवाइल्ड या, रानातील माल जपून गोळा केल्याच्या, प्रमाणपत्रासह परदेशी औषधी कंपनीला चांगल्या भावाने विकण्याची व्यवस्थाही त्यांनी उभी केली. झाड उभे राहिले तरच दरवर्षी पैसा मिळतो, त्यामुळे ते तोडण्याचा विचार मालकच करत नाही. अशी ढोली धरणारा बेहडा आपल्या हयातीत लावून तयार होत नाही, म्हणून कोयनाकाठ यांच्या रोपांबाबतच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

शिराळा_पश्चिम

सर्वांचे प्रतिसाद वाचले. धनेश, तेल, करवजावट सगळे झाले. ज्या गावांच्या कडेला हे जंगल आहे त्या गावांचा उल्लेख एकदा मजुरीपुरता आला. म्हणून लिहीत आहे.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली अधिसूचित झाला. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि त्यांभोवतीचा बफर नावाचा पट्टा मिळून त्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे, त्यातील निम्म्याहून थोडे कमी बफर म्हणून आहे. बफर म्हणजे आमची घरे आणि आमची भातखाचरे. या खोऱ्यातील माणूस आधी धरणासाठी उठला, नंतर अभयारण्यासाठी उठला, आणि पुनर्वसनाच्या जमिनीसाठी अनेकांना वर्षानुवर्षे धरणे धरून बसावे लागले. जे राहिले त्यांच्या पिकात रात्री गवे उतरतात. एक कळप तासाभरात भाताचे खाचर किंवा शाळूचे वावर तुडवून जातो. शासनाची नुकसानभरपाई आहे, पण पंचनामा, अर्ज आणि बँक खाते या वाटेने ती येईपर्यंत पुढचा हंगाम आलेला असतो. उसाच्या फडात बिबट्याची पिले सापडतात, तेव्हा तोडणी थांबते आणि टोळीची त्या दिवसाची मजुरी बुडते. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली, त्याचा आनंद आम्हालाही झाला; वाघ असला तर गवे आणि रानडुकरे आटोक्यात राहतील असे आमच्याकडचे जुने लोक म्हणतात. परंतु नाट्यगृहात टाळ्या घेऊन जमवलेला पैसा आमच्या डोक्यावरून जंगलात जाणार असेल, तर त्याने वणवा थांबणार नाही. वणवा विझवायला पहिला माणूस आमच्याच वाडीतून जातो, आणि ज्याच्या मनात जंगलाविषयी राग आहे तो सावकाश जातो.

माझी मागणी साधी आहे. गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीला विचारल्याशिवाय एक रुपयाही ठरवू नका.

कोयनाकाठ

शिराळा_पश्चिम यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी एक व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद केली आहे. ते देणग्या स्वीकारू शकते, आणि स्थानिकांचा सहभाग व उपजीविका हा त्याच्या उद्देशांचा भाग आहे. बफरमधील गावांसाठी गॅसजोडणी, सौर कुंपण यांकरिता राज्याची जन-वन विकास योजनाही आहे. मंडळाने यांच्याशी स्पर्धा करू नये. सरकारी पैसा मोठा असतो, परंतु तो खर्चाच्या ठरलेल्या शीर्षाप्रमाणे येतो आणि पुष्कळदा उशिरा येतो. जेथे शीर्ष नाही किंवा पैसा वेळेवर पोहोचत नाही, तेवढी फट आपल्या लहान निधीने भरावी.

देवराष्ट्रेकर

आमच्या सागरेश्वराचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून लिहितो. ते वर्षावन नाही, कोरड्या टेकड्या आहेत. तरी निधीच्या प्रश्नावर त्यातून शिकण्यासारखे आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर झाडे वाढवण्याचा ध्यास घेतला, लोकांना आणि शासनाला मागे लावले, आणि १९८५ साली जेमतेम अकरा चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. हरणे आणून सोडली, ती वाढली, आणि मग कुंपणातून बाहेर पडून शेतात येऊ लागली. म्हणजे शिराळा_पश्चिम यांचा प्रश्न आमच्याकडेही आहेच. एका माणसाने आयुष्य घातले तेव्हा डोंगर उभा राहिला आणि त्यानंतर कुंपणाची डागडुजी हा कायमचा खर्च झाला. त्या डागडुजीसाठी देणगी मागितली तर कोणी देत नाही, कारण तारेच्या जाळीशेजारी उभे राहून छायाचित्र चांगले येत नाही.

रानवाटसरू

देवराष्ट्रेकर, अगदी खरे. देणगीदाराला वाघ हवा असतो.

विश्रामबागकर

काल मंडळाची बैठक झाली. शिराळा_पश्चिम यांचा प्रतिसाद मी संपूर्ण वाचून दाखवला. काही ज्येष्ठ सभासदांना त्याचा सूर रुचला नाही, पण मुद्द्याला उत्तर कोणाकडे नव्हते. ठरले ते असे: कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये होईल. परवानगीसाठी धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा, आणि रक्कम रोख न वाटता पावती देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत किंवा प्रतिष्ठानामार्फत द्यायची. दसऱ्याआधी आमच्यापैकी चौघे चांदोलीच्या बाजूच्या दोन गावांत जाऊन वन समितीशी बोलतील. रोपे लावणारा गट नाराज आहे. त्यांना जाळरेषेच्या श्रमदानाला यायला सांगितले आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. तिकिटाच्या रकमेवर देणगीची पावती देता येईल का? आणि वणव्यावर लक्ष ठेवणारी चार माणसे नेमावीत असे बहुमत आहे, परंतु मंडळ पुढच्या वर्षी दुसरा विषय घेईल, त्यामुळे निधीची हमी एकाच वर्षाची आहे. ते चालेल का?

जमाखर्च

तिकिटाच्या बदल्यात प्रेक्षकाला कार्यक्रम मिळतो, म्हणून ती देणगी नव्हे. तिकीट माफक ठेवा, तेवढ्यात कार्यक्रमाचा खर्च भागवा, आणि देणगी वेगळ्या पेटीत न घेता थेट संबंधित संस्थेच्या खात्यात जाईल अशी सोय दाराशी करा. पावती ज्याची त्याला त्या संस्थेकडूनच मिळेल आणि तुमच्या मंडळाच्या हिशेबावर बोजा येणार नाही.

शिराळा_पश्चिम

बैठकीत वाचून दाखवलेत, आभारी आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. एकाच वर्षाचा पैसा असेल तर माणसे नेमू नका. चार तरुणांना फेब्रुवारी ते जून पगार मिळाला आणि पुढच्या वर्षी तो बंद झाला, तर त्यांचा आणि गावाचा विश्वास दोन्ही जातील, आणि त्याचा राग तुमच्यावर न निघता वनरक्षकावर निघेल. त्याऐवजी जाळरेषेच्या कामाची मजुरी द्या. ते काम त्या हंगामापुरतेच असते आणि कोणाला पुढची आशा लागत नाही. उरलेल्या रकमेत आग विझवण्याचे ब्लोअर, चांगले बूट, विजेऱ्या आणि पाण्याचे कॅन घ्या. वाडीतली पोरे आजही ओल्या फांद्यांनी आग झोडपतात आणि पायात साध्या चपला असतात. ब्लोअर घ्याल तो वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात आधीपासून असलेल्या कंपनीचाच घ्या, म्हणजे सुटे भाग मिळतील; आणि पेट्रोलसाठी थोडी रक्कम समितीच्या खात्यात वेगळी ठेवा, कारण यंत्र देणारे पुष्कळ येतात, पेट्रोलचे कोणी विचारत नाही. येण्याच्या आधी दोन दिवस येथेच कळवा. भाताच्या कापणीचे दिवस असतील, त्यामुळे बैठक रात्री आठनंतर देवळात घेऊ.